खाज आणि कॅनाबिनॉइड्स: इंदूरच्या एका मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेच्या बाजूला आमचं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरची जाहिरात पुढे धरून "वहिनी, हे भांगेचं मलम खाजेवर खरंच चालतं का?" असं विचारणारे वाढले आहेत. मागे रांग उभी असताना दोन मिनिटांत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सवडीनं इथे लिहिते आहे. माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं डायलिसिसवर होत्या. या विषयात मी खोल शिरले ती त्यांच्या खाजेमुळे.

कॅनाबिनॉइड म्हणजे भांगच ना?

भांग त्यातली एक वाट झाली. या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

पहिली झाडातली. भांग, गांजा, चरस हे एकाच झाडाचे वेगवेगळे भाग. त्या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड्स सापडली आहेत. त्यातली दोन सगळ्यांना माहीत असतात: नशा आणणारं टीएचसी आणि तशी नशा न आणणारं सीबीडी.

दुसरी आपल्या शरीरात तयार होणारी. १९९२ मध्ये जेरुसलेमला राफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतून असा एक रेणू वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' या शब्दावरून. त्याच्याच नात्यातला दुसरा पदार्थ पामिटॉइलइथेनॉलअमाइड, थोडक्यात पीईए. तो अंड्याच्या पिवळ्या बलकात आणि शेंगदाण्यातही असतो. काटेकोर बोलायचं तर पीईए कॅनाबिनॉइड नाही, पण संशोधनात त्याला याच कुटुंबात बसवतात.

तिसरी प्रयोगशाळेत बनवलेली.

म्हणून कुणी "कॅनाबिनॉइडनं खाज जाते हे सिद्ध झालंय" म्हणालं, की पहिला प्रश्न विचारा: यातलं कोणतं? माणसांवरचे जे बरे अभ्यास आहेत त्यातले बरेचसे पीईएच्या मलमाचे आहेत, आणि जाहिरात चालते सीबीडीची. एकाच्या हातचं प्रगतिपुस्तक दुसऱ्याच्या नावानं दाखवावं, तसं हे होतं.

त्वचेचा आणि या पदार्थांचा संबंध काय?

संबंध पक्का आहे. आनंदामाइडसारखे पदार्थ ज्या कुलपांत बसतात त्यांना सीबी-१ आणि सीबी-२ रिसेप्टर म्हणतात. हे रिसेप्टर मेंदूत असतात तसे त्वचेतही असतात: सीबी-१ प्रामुख्यानं मज्जातंतूंच्या टोकांवर, सीबी-२ जास्त करून रोगप्रतिकारक पेशींवर. खाजेचा निरोप त्वचेतल्या अगदी बारीक तंतूंवरून मणक्यापर्यंत आणि तिथून मेंदूत जातो. तो निरोप वाटेत मंद करायचा, आणि मास्ट पेशींमधून (ॲलर्जीत भडकणाऱ्या पेशी) हिस्टामिनसारखे खाज आणणारे पदार्थ बाहेर पडायचे ते आवरायचे, अशी यामागची कल्पना.

आणखी एक दार आहे. मिरच्या चिरल्यावर हाताची आग होते ती टीआरपीव्ही-१ नावाच्या दारामुळे. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्या कामात हाच शोध होता. आनंदामाइड हेच दार ठोठावतं, आणि सतत ठोठावलं की ते दार हळूहळू प्रतिसाद देईनासं होतं.

यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट उंदरांची आहे. जर्मनीतल्या एका गटाकडे सीबी-१ आणि सीबी-२ दोन्ही नसलेले उंदीर होते. ओळख म्हणून सगळ्यांच्या कानात निकेलचे बिल्ले टोचले होते. या उंदरांच्या कानाला जखमा व्हायला लागल्या, ते कान खाजवत सुटले. साध्या उंदरांना तसं काही झालं नाही. म्हणजे शरीराची ही आपली यंत्रणा काढून घेतली की त्वचेची ॲलर्जी भडकते. २००७ मध्ये हे 'सायन्स' नियतकालिकात आलं. सुरुवात ठरवून केलेली नव्हती, बिल्ल्यानं दाखवलेली वाट होती ती.

पण उंदीर तो उंदीर.

माणसांवर नेमका काय पुरावा आहे?

हे सविस्तर सांगते, कारण जाहिरातीत यातली एकच ओळ उचललेली असते.

पोलंडमध्ये २००५ साली डायलिसिसच्या २१ रुग्णांना आनंदामाइड आणि पीईए असलेलं मलम दिवसातून दोनदा, तीन आठवडे लावलं. आठ जणांची खाज पूर्ण गेली. १७ जणांचा त्वचेचा कोरडेपणा पूर्ण गेला. आकडे सुंदर आहेत. पण तुलनेसाठी साधं मलम लावलेला गट नव्हता.

पुढच्याच वर्षी जर्मनीत हट्टी खाजेच्या २२ रुग्णांना पीईएचं मलम दिलं, त्यातल्या १४ जणांना चांगला गुण आला. तिथेही तुलनेचा गट नव्हता.

२००८ चा अभ्यास सगळ्यात मोठा: इसबाचे २,४५६ रुग्ण, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, पीईएचं मलम चार ते सहा आठवडे. खाज, लाली, कोरडेपणा उतरला, झोप सुधारली, अनेकांचं स्टिरॉइड मलम कमी झालं. हा आकडा ऐकून कुणीही भारावेल. मीही भारावले होते. मग नीट वाचलं: हा निरीक्षणाचा अभ्यास होता. कुणाला काय लावलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तुलना कुणाशीच नव्हती.

तोंडानं घ्यायच्या औषधाचा पुरावा याहून तोकडा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी यकृताच्या आजारामुळे असह्य खाज असलेल्या तीन रुग्णांना ड्रोनाबिनॉल, म्हणजे कृत्रिम टीएचसी, ५ मिलिग्रॅम झोपताना दिलं. बाकी सगळे उपाय थकले होते. तिघांनाही चार ते सहा तास आराम पडला, झोप लागली. एकाचा तोल जायला लागला म्हणून डोस निम्मा करावा लागला. तीन रुग्ण, त्याला चाचणी म्हणत नाहीत.

२०२१ मध्ये 'जामा डर्मॅटॉलॉजी' या त्वचारोगांच्या नियतकालिकात साठी ओलांडलेल्या एका बाईंची नोंद आली. दहा वर्षांची खाज, दहापैकी दहा. वैद्यकीय गांजा घेतल्यावर दहा मिनिटांत ती चारवर आली. त्या बाईंसाठी मला मनापासून बरं वाटलं. पण नोंद एका व्यक्तीची आहे.

आता दुसरी बाजू. सीबीडीचं बीटीएक्स १२०४ हे मलम इसबासाठी दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत गेलं. तिथे तुलनेचा गट होता, आणि निकाल आला तेव्हा सीबीडी नसलेल्या मलमापेक्षा ते ठळकपणे सरस ठरलं नाही. हा निकाल मी कुठल्याच जाहिरातीत पाहिलेला नाही.

म्हणजे आराम पडतो तो कॅनाबिनॉइडमुळे की मलमामुळे?

सगळी मेख इथेच आहे.

कोरडी त्वचा खाजते. तिला दिवसातून दोनदा कसलंही चांगलं स्निग्ध मलम चोळलं की खाज उतरते. त्यात आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय, काहीतरी नवीन चालू झालंय, या जाणिवेनंही खाज कमी होते. ती मनाची समजूत नव्हे. खाज मेंदूपर्यंत जाऊनच जाणवते, त्यामुळे तिथला फरक खराच असतो. म्हणून खाजेच्या चाचण्यांत औषध नसलेल्या मलमाच्या गटातही बऱ्याच लोकांना बरं वाटतं. तुलनेचा गट नसला तर श्रेय कुणाचं हे सांगताच येत नाही.

माझं मत विचाराल तर पीईएच्या मलमात काही गुण असावा असं मला वाटतं. सीबीडीच्या मलमाबद्दल तसं म्हणायला आज पुरावा पुरत नाही. आणि साध्या मॉइश्चरायझरबद्दल कुठलाही संशय नाही, फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आमच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे. त्यांना लावू का?

आईंची, म्हणजे सासूबाईंची गोष्ट सांगते. त्या तक्रार करायच्या नाहीत. रात्री दोनच्या सुमाराला त्यांच्या खोलीतून खर्र-खर्र असा आवाज यायचा. पहिल्यांदा मला उंदीर वाटला. दिवा लावला तर त्या लाकडी फणीच्या दांड्यानं पोटऱ्या खाजवत होत्या. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके. "खाजच तर आहे, त्याचं काय सांगायचं," म्हणाल्या. डायलिसिसच्या रुग्णांची ही खाज झोप खाते, जेवण खाते, माणसाला खचवते. नातेवाइकांनो, ती लहान गोष्ट समजू नका. ते सांगणार नाहीत, तुम्ही विचारा.

नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, आधी रक्तातलं फॉस्फरस आणि पीटीएच हे हार्मोन तपासलं, डायलिसिस पुरेसा होतोय का ते पाहिलं, मग डायलिसिसनंतर गॅबापेंटिनचा अगदी छोटा डोस सुरू केला. हे औषध किडनीतून बाहेर पडतं, म्हणून या रुग्णांत त्याचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. शेजाऱ्याची चिठ्ठी वापरायची नाही.

त्याच सुमारास आमचा पुतण्या जर्मनीहून पीईएचं मलम घेऊन आला. मी एक केलं. दोन सारख्या डब्यांपैकी एकात ते मलम भरलं, दुसऱ्यात आमच्याच दुकानातलं साधं मॉइश्चरायझर. उजव्या पायाला एक, डाव्याला दुसरं, रोज दोनदा, आणि कोणत्या पायाला काय ते आईंना सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी विचारलं, कोणता पाय बरा? पदर सारखा करत म्हणाल्या, "दोघेही आता गुण्यागोविंदानं आहेत गं." कदाचित उजवा थोडा जास्त शांत होता. कदाचित. फणी मात्र पुन्हा केस विंचरायला परत गेली.

तर लावू का? त्वचा अखंड असेल आणि नेफ्रॉलॉजिस्टची हरकत नसेल तर पीईएचं मलम लावायला मोठा धोका दिसत नाही. फिस्टुलाच्या हातावर, सुया टोचतात त्या जागी, कुठलंच तेल-मलम नको. टीएचसी किंवा सीबीडीचे थेंब तोंडानं देण्याच्या भानगडीत स्वतःहून पडू नका.

हेम्प सीड ऑइल आणि सीबीडी ऑइल एकच का?

नाही, आणि यात सर्वांत जास्त पैसे वाया जातात. हेम्प सीड ऑइल बियांचं तेल आहे, तीळ-जवसाच्या तेलासारखं. त्यात सीबीडी जवळजवळ नसतं. सीबीडी पान-फुलांच्या अर्कातून येतं. बाटलीवर हिरवं पान दोन्हींच्या असतं. मागे 'सीड ऑइल' लिहिलंय की 'लीफ एक्स्ट्रॅक्ट', आणि किती मिलिग्रॅम, ते वाचा. चष्मा नसेल तर काउंटरवर वाचून घ्या, यात लाज कसली.

बियांच्या तेलाला मात्र मी हलकं लेखत नाही. फिनलंडमध्ये इसबाच्या २० रुग्णांनी काही आठवडे रोज ३० मिलिलिटर हेम्प सीड ऑइल आणि काही आठवडे ऑलिव्ह ऑइल प्यायलं. २००५ च्या या अभ्यासात हेम्पच्या तेलानं कोरडेपणा आणि खाज उतरली. निदान तुलना तरी होती. पण तो गुण तेलातल्या फॅटी ॲसिडचा, कॅनाबिनॉइडचा नव्हे.

शिवरात्रीची भांग घेतली तर खाज जाईल का?

उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगार आपण सगळ्यांनी डोळे भरून पाहिलेला आहे, म्हणून हा प्रश्न इथे फार श्रद्धेनं विचारला जातो. उत्तर नाही असंच आहे. ठंडाईत टीएचसी किती आहे ते घोटणाऱ्यालाही माहीत नसतं. पोटातून गेलेली भांग एक-दोन तासांनी चढते, म्हणून "काहीच झालं नाही" म्हणत लोक दुसरा ग्लास घेतात. सत्तरीतल्या माणसाला चक्कर येऊन खुबा मोडला, तर खाज बरी होती म्हणायची वेळ येईल.

आणि ओढून?

नको. फुप्फुसांचं नुकसान ठरलेलं आहे, गुण ठरलेला नाही.

आपल्या मालव्यात अफूही होते. अफूनं खाज जाते का?

उलट. नीमच-मंदसौरकडे परवान्यानं अफू पिकते, त्यातून निघणाऱ्या मॉर्फिननं अनेकांना खाज सुटते. ऑपरेशननंतर नाक खाजवणारे रुग्ण तुम्ही पाहिले असतील. गंमत अशी की ओपिऑइडच्याच (मॉर्फिनच्या जातीच्या द्रव्यांच्या) दुसऱ्या रिसेप्टरला, कॅपाला, हात घातला की खाज थांबते. त्या वाटेनं बनवलेलं डिफेलिकेफॅलिन २०२१ मध्ये अमेरिकेत डायलिसिसच्या खाजेसाठी मंजूर झालं, तेही तुलनेच्या मोठ्या चाचण्या पार करून. कॅनाबिनॉइड्सना हीच परीक्षा अजून द्यायची आहे.

हे कायद्यात बसतं का?

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. फुलोरा सोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. आपल्याकडे सीबीडीची तेलं आणि मलमं बहुतेक आयुर्वेदिक परवान्यावर, 'विजया' या नावानं, पानाच्या अर्काची म्हणून मिळतात. भांग आयुर्वेदिक औषधांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, शेड्यूल ई-१ मध्ये आहे. म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. चिठ्ठी आणि बिल जवळ ठेवा.

आणि मुलांकडे दुबईला किंवा सिंगापूरला निघाला असाल तर ही बाटली घरीच राहू द्या. तिथले नियम फार कडक आहेत, आपली चिठ्ठी दाखवून सुटका होईल या भरवशावर जाऊ नका.

लेबलवर लिहिलेलं प्रमाण खरं असतं का?

अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली. जेमतेम ३१ टक्क्यांचं लेबल बरोबर निघालं. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. आपल्याकडे घेताना त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. देत नसतील तर पाकीट परत पर्समध्ये.

माझ्या बाकीच्या गोळ्या चालू आहेत. काही बाधा?

त्वचेवर थोड्या जागी लावलेलं मलम रक्तात फारसं जात नाही. पोटात घेतलेल्या सीबीडीची गोष्ट वेगळी. यकृतातली जी एन्झाइम्स बाकीची औषधं मोडतात त्यांना ते अडवतं. वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी), फिट्सवरची क्लोबाझम, किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस: या तिन्हींची रक्तातली पातळी किंवा परिणाम वाढू शकतो. मोठ्या डोसात यकृतालाच त्रास होऊन रक्तातली त्याची एन्झाइम्सही वाढतात. खाजेचं कारणच यकृत असेल तर दुप्पट जपा.

गरोदर बाईला किंवा बाळाला?

टीएचसी-सीबीडी दोन्हींना नाही. आणि गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले तर मलम शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पित्ताम्लं वाढलेली असू शकतात, ते बाळाला धोक्याचं असतं आणि रक्ताच्या तपासणीत कळतं.

खाज कशाची आहे हे कसं ओळखायचं?

ओळखायचं डॉक्टरांनी, पण काउंटरवर मला रोज दिसतं ते सांगते.

घरातल्या दोघा-तिघांना रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यात, बेंबीभोवती पुरळ: खरूज. भांगेचं मलम इथे शून्य. परमेथ्रिन हे खरजेचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीसुद्धा, आणि कपडे-चादरी गरम पाण्यात.

जांघेत, कमरेला गोल चट्टा, कड लाल: गजकर्ण. यावर स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावून लोक ते महिनोन्‌महिने चिघळवतात. माझ्याकडे वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा यायचा, दर पंधरा दिवसांनी तीच ट्यूब मागायला. मी देणं बंद केलं तर दुसरीकडून आणायला लागला. शेवटी आला तेव्हा मांडीच्या आतली कातडी कागदासारखी पातळ, त्यावर जांभळे वळ. त्याला सीबीडी हवं होतं, "नॅचरल आहे म्हणून". मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्याच्यासमोर त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली. अजून तो चेहरा आठवतो.

पुरळ काहीच नाही आणि सहा आठवड्यांहून जास्त खाज: रक्ताच्या तपासण्या हव्यात. यकृत, किडनी, थायरॉइड, साखर, लोह. त्यात वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर उद्यावर टाकू नका.

आणि इंदुरात पुष्कळांची खाज निव्वळ कोरडेपणाची. थंडीतली मालव्याची कोरडी हवा, काही कॉलन्यांत बोअरिंगचं जड पाणी, त्यात कढत पाण्याची लांब आंघोळ आणि घासणी. आंघोळ कोमट आणि आटोपशीर करा, अंग टिपून दमट असतानाच मलम लावा.

तरीही वापरून बघायचं आहे. कसं बघू?

निदान आधी. मग कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, दोन दिवस. या झाडाची ॲलर्जी असणारी माणसं असतात आणि त्यांना खाजेवरच्या मलमानंच खाज सुटते. नंतर आईंच्या पायांसारखं करा: एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला साधं मॉइश्चरायझर, आणि लावणारा दुसरा कुणी असू द्या. रोज झोपताना कॅलेंडरवर दोन्ही बाजूंची खाज शून्य ते दहा अशी लिहा. चार आठवड्यांत फरक दिसला नाही तर स्वस्त असलेलं मलम चालू ठेवा.

मलम चालू केलं की बाकीच्या गोळ्या बंद करू?

नाही. गोळ्या ज्यांनी दिल्या त्यांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नका.